पुस्तकात नसलेली हाक

मी एकदा पुस्तक उघडं धरून पिच्चर वाचून दाखवला.

कळलं नाही ना? नाही कळणार. असला वेडेपणा करायला अंगात माज लागतो, आणि तो तेव्हा माझ्या अंगात भरपूर होता. मांडीवर कादंबरी, नजर कादंबरीत, आणि तोंडातून बाहेर पडतंय ते पांढरकवड्याच्या टॉकीजात पाहिलेलं. समोर गावातल्या आठ-दहा बाया पिठाच्या हातांनी डोळे पुसताहेत, आणि मी — वीस-एकवीस वर्षांची, वेणीला रिबीन लावणारी सून — आवाज भरून आणते आहे, मध्येच थांबून श्वास घेते आहे. तेव्हा कोणी माझा फोटो काढला असता तर मी आज तो चुलीत घातला असता.

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. नवरा तर गेलासुद्धा, आपली बायको मोठी वाचक आहे असं समजत. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं — गेल्या उन्हाळ्यात आमच्या अदिलाबादच्या घरात, टीव्हीवर, त्याच कादंबरीची मालिका लागली. नातीनं लावली. तिला काय माहीत, आजीच्या घशात काय अडकलेलं आहे ते.

पण थांबा. आधी कादंबरीचं सांगते. तिचं नाव मात्र सांगणार नाही, लेखकाचंही नाही. माझ्या भानगडीत त्या भल्या माणसाला कशाला ओढायचं?

माझं माहेर पांढरकवड्याचं. मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन अदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या तेलंगणात, नार्नूरच्या बाजूच्या एका खेड्यात येऊन पडले. घरोघरी मराठी, शाळा तेलुगू. म्हणजे पोरं बोलणार एका भाषेत आणि लिहिणार दुसऱ्या; बायकांना तर दोन्हींतलं काही वाचता येत नव्हतं. मराठीत छापलेल्या दोनच गोष्टी गावात होत्या: पाटलाकडचं पंचांग, आणि माझ्या ट्रंकेतली ती जाडजूड कादंबरी, भावानं लग्नात दिलेली. ट्रंक उघडली त्याच दिवशी ती बाहेर पडली असेल, आणि गावात माझं नाव पडलं — पुस्तकवाली सून.

उन्हाळ्यात आमच्या अंगणात मांडव घालून बाया शेवया करायच्या. एकीकडे पाटावर पीठ घासायचं, दुसरीकडे खाटेवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर शेवया वाळत घालायच्या. काम लांबलचक आणि कंटाळ्याचं. माझ्या शेवया जाड यायच्या, गांडुळासारख्या. दोन दिवस बघून सासूबाईंनी — आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू — माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि म्हणाल्या,

"तू ऊठ व माय तिथून. तुयं ते पुस्तक आन. हात आमचे चालते, तोंड तुयं चालू दे."

झालं. पाटावरून उठून मी थेट बाजेवर जाऊन बसले. सासरच्या अंगणात, भर दुपारी, कामाच्या दिवसांत, बाजेवर बसलेली सून! काय रुबाब होता माझा. पाणीसुद्धा कोणीतरी आणून द्यायचं, वाचून घसा कोरडा पडतो म्हणून.

कादंबरी एका मुक्या नवऱ्याची. मुका म्हणजे जन्माचा मुका नव्हे हो. जगाशी बोलतो, बैलाशी बोलतो, देवाशी भांडतो, फक्त बायकोशी बोलत नाही. बायकोचं नाव द्वारका. का बोलत नाही, ते लेखकानं शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. तेव्हा मला वाटायचं, विसरला बिचारा लिहायला. आता वाटतं, केवढी छाती लागली असेल ते न लिहायला! एक अख्खं प्रकरण नुसत्या जेवणावर आहे. तो बसतो, ती वाढते, तो ताट जरासं पुढे सरकवतो म्हणजे आणखी हवं, हात आडवा धरतो म्हणजे पुरे. तेवढंच. ते प्रकरण वाचायला मला एक पूर्ण दुपार लागली, आणि त्या दुपारी मांडवात कोणी खोकललंसुद्धा नाही.

खोकललं नाही त्याला आणखी एक कारण होतं. मांडवात गिरजा बसलेली असायची.

गिरजा माझी नणंद, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. वांकिडीकडे दिलेली — तेव्हा सगळा एकच जिल्हा होता. लग्नात नवरदेवाचं बाशिंग सुटून घोड्याच्या कानात अडकलं, घोडा बिथरला, आणि ही बया मांडवात सगळ्यांदेखत खळखळून हसली. हसायचंच वय होतं हो. पण वऱ्हाडी हसले, गाव हसलं, पुढे महिनाभर त्याला जो भेटेल तो घोड्याचं विचारायचा. आणि त्या माणसानं तिच्याशी बोलणंच टाकलं. मारझोड नाही, उपाशी ठेवणं नाही. नुसता अबोला. वर्षभर तिनं काढलं आणि एक दिवस पाऊलवाट धरून माहेरी आली.

आता सांगा — हीच कादंबरी माझ्या ट्रंकेत असावी? आणि मी ती हिच्यासमोर वाचावी? पहिल्या दोन दिवसांतच सगळ्यांना कळलं होतं, ही कोणाची गोष्ट चालली आहे. कोणी बोललं नाही. गिरजा मान खाली घालून पाटावर पीठ घासायची आणि मी पुस्तक मिटलं की रोज तेवढंच विचारायची, "मंग? पुढं?" बाकीच्या म्हणायच्या, उद्या, उद्या. तिला उद्यापर्यंत धीर नसायचा.

त्याच दिवसांत वांकिडीहून निरोप आला होता, मिरगाच्या आधी पोरीला न्यायला येतो म्हणून. पेरणीला हात हवे होते त्यांना. माझे सासरे फार भले माणूस. त्यांनी आत्याबाईंना बजावलं, "पोरीले जायचं असन तर धाडू. नसन जायचं तर राहू दे. तिले कोणी काई बोलू नोका." त्या काळी असा बाप! म्हणजे जायचं की राहायचं, ते गिरजानंच ठरवायचं होतं. आणि ती काही ठरवत नव्हती. पीठ घासत होती, आणि ऐकत होती.

मला शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे. तेव्हाही होती. त्यामुळे शेवट मला माहीत होता. द्वारका नवऱ्याचं घर सोडून एका जिनात कामाला लागते, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. खोली घेते. एक दिवस तो येतो. उंबऱ्यावर बसतो. ती पाण्याचा तांब्या आणून ठेवते. तो पाणी पितो, बसून राहतो, बोलत नाही. जिनाचा भोंगा होतो. ती पदर खोचते आणि कामाला निघून जाते — दार उघडंच ठेवून. संपली कादंबरी.

हे काय, म्हटलं मी. एवढी साडेतीनशे पानं वाचायची आणि शेवटी तांब्या?

शेवटाला दोन-तीन दिवस उरले असतील, तेवढ्यात माहेरी एक लग्न निघालं. चार दिवसांसाठी पांढरकवड्याला गेले, आणि तिथे टॉकीजला लागलेला कोणता पिच्चर? आमच्या कादंबरीचाच. भावाला गळ घालून मी पहिल्याच दिवशी जाऊन बसले.

खोटं सांगत नाही, तो पिच्चर चांगला होता. आज मालिका पाहिल्यावरसुद्धा म्हणते, चांगला होता. ताटाचं ते प्रकरण, मी अख्खी दुपार वाचलेलं — त्यात फक्त एक हात दिसतो, ताट पुढे सरकतं, काठ जमिनीला घासल्याचा आवाज येतो, आणि वाढणाऱ्या हातातल्या बांगड्या एकदम थांबतात. बस. पापणी लवायच्या आत.  जे मी घसा फोडून सांगत होते, ते यांनी बांगड्या थांबवून सांगितलं! लेखकाला जी पानं लागली ती वाया गेली असं नाही. पण कॅमेऱ्याला मुकेपणा दाखवता येतो आणि पुस्तकाला तो शब्दांनीच सांगावा लागतो, ही केवढी अडचण आहे, ते मला टॉकीजच्या त्या मोडक्या खुर्चीत बसून कळलं.

तरी अडीच तास मुका नवरा कोण बघणार? म्हणून त्यांनी गाणी घातली. त्याच्या अबोल्याला कारणही दिलं, सासऱ्यानं भरमांडवात अपमान केला वगैरे. आणि शेवट बदलला.

शेवट असा. तो उंबऱ्यावर बसला आहे, भोंगा झाला आहे, ती निघाली आहे. जिनाच्या आवारात कापूस उडतो आहे, पांढरं पांढरं सगळं. ती पाठमोरी चालली आहे. आणि मागून हाक येते — "द्वारके!" पहिल्यांदा. सबंध पिच्चरात पहिल्यांदा तो तिचं नाव घेतो. ती वळते. टॉकीजात असा हुंदका उठला म्हणता, माझ्या भावजयीनं माझा दंड धरून ठेवला होता, त्यावर तिची नखं उमटली. पुढच्या रांगेतल्या एका धोतरवाल्यानं टोपी काढून डोळ्यांना लावली. आणि मी — मी काय करत होते? रडत होतेच. पण रडता रडता मागे वळून लोकांचे चेहरेही बघत होते. आणि मनात येत होतं, हे असं आपल्या अंगणात झालं तर?

आता आलात तुम्ही माझ्याबरोबर त्या दुपारपर्यंत.

परत आले. मांडव वाट पाहतच होता. मी बाजेवर बसले, पुस्तक उघडलं, आणि तिसऱ्या दुपारी शेवटाला आले. मी पुस्तकातल्याप्रमाणे उंबरा वाचला. तांब्या वाचला. भोंगा वाचला. आणि मग — कापूस उडवला. पुस्तकात कापूस उडतच नाही! मी उडवला. द्वारकेला पाठमोरी चालवली, हळूहळू, एकेक पाऊल. बायांचे हात थांबले. पाटावर अर्धी सुटलेली शेवई तशीच लोंबत होती. आणि मी आवाज घोगरा करून हाक मारली, पुरुषासारखी. "द्वारके!"

आत्याबाई ढसाढसा रडल्या. त्या बाईंना मी सासऱ्यांच्या तेराव्यालासुद्धा तशा रडताना पाहिलं नाही. "काय पुस्तक हाय व माय," म्हणाल्या, "काय पुस्तक हाय!" आणि उठून, पिठाच्या हातांनीच, माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. बाया मला बघत होत्या. पुस्तकाला नव्हे, मला. त्या कादंबरीचा पिच्चर पांढरकवड्यात लागण्याआधी कोणी काढला असेल तो असो. आमच्या गावातला पहिला पिच्चर मी काढला.

नुसती गंमत, नाही का? मीही स्वतःला हेच सांगत आले. शेवट कोरडा होता, मी ओला केला. बायांना रडायला आवडतं, मी रडवलं. एवढंच ना?

एवढंच नाही.

कारण मला गिरजा दिसत होती. ती रडत नव्हती. तिचे डोळे माझ्याकडे लागलेले होते, आणि तोंडावर कसलाच भाव नव्हता. रोजचं "मंग? पुढं?" तिनं त्या दिवशी विचारलं नाही. विचारणार काय, पुढे काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बापाला सांगितलं, "जातो मी."

घरात आनंदीआनंद. आत्याबाईंनी तर मलाच ओवाळलं असतं. बघा, म्हणाल्या, पुस्तकानं पोरीले शहाणी केली. आणि मी तिथे उभी होते. मला त्याच क्षणी म्हणता आलं असतं — गिरजा, ते पुस्तकात नाही गं. पुस्तकात तो हाक मारत नाही. पुस्तकात ती जाते तिच्या कामाला, दार उघडं टाकून, आणि तो बसून राहतो. एका दमात झालं असतं सांगून. पण मग आत्याबाईंना कळलं असतं, सून खोटं वाचते. मांडवात बातमी गेली असती. बाजेवरून मी परत पाटावर आले असते, गांडुळं घासायला.

तुम्ही हसाल. एका बाजेसाठी? हो, एका बाजेसाठी. आणि त्या पाण्याच्या तांब्यासाठी, जो कोणीतरी मला आणून देत होतं.

ती निघाली त्या दुपारी मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती गाठोडं बांधत होती. मला बघून थांबली. मी काहीतरी सांगायला आले आहे, हे तिला दिसलं असावं, कारण ती वाट पाहत राहिली. "काय म्हणतं वयनी?" आणि मी म्हणाले —

"शेवया बांधून देऊ का?"

हे माझं शौर्य. तिनं मान हलवली. शेवया घेऊन गेली.

तो माणूस तिच्याशी कधीच बोलला नाही. दोन मुलं झाली, शेत वाढलं, घरावर स्लॅब चढला. बोलला नाही. मुलगा हाताशी आल्यावर त्याच्यामार्फत चालायचं: "तुया मायले सांग, चाय टाक म्हणा." मुलगा शाळेत गेला की हा बैलांना ऐकवायचा, "आज काई भाकर भेटत नाई वाटते या घरात!" आणि आमची गिरजा बैलांच्या वतीनं उत्तर द्यायची. म्हणजे बैल काय म्हणतो ते सांगायची! सबंध आळी ऐकायला जमायची. तिच्या घरी गेलं की मला हसूनहसून पोटात दुखायचं, आणि परतताना बसमध्ये दुसरंच दुखायचं.

त्या बाईचं कौतुक कुठल्या तोंडानं करू? शाळेचं तोंड न पाहिलेली, पण मंडल कचेरीतल्या साहेबांशी तेलुगूत भांडते, शेजारणींशी गोंडीत बोलते, भैंशाहून कापूस घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याला हिंदीत गप्प करते. गावात भांडण लागलं की लोक आधी तिच्या ओट्यावर येतात. एवढं जिच्या तोंडात, तिच्या घरात एक माणूस बसून राहिला, जन्मभर, तोंड मिटून. काही वर्षांपूर्वी तो गेला. मी भेटायला गेले, गळ्यात पडले, रडले. ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "आता मातर खरंच बोलत नाई बरं तो." बाहेर बसलेल्या माणसांना कळेना, आतल्या बाया हसताहेत की रडताहेत.

आणि मी इतकी वर्षं एकच गोष्ट मनात धरून होते — ही हाकेची वाट पाहत राहिली. माझ्या हाकेची. मी बाजेवर बसून घोगऱ्या आवाजात मारलेल्या हाकेच्या भरवशावर ही पोरगी परत गेली आणि थांबली. पाप माझं, हे मला कबूल होतं. पण आता खरं सांगायलाच बसले आहे तर हेही सांगते — त्या पापातसुद्धा थोडा तोरा होता. काय वाचलं असेल मी, की एक बाई तेवढ्यावर संसार करायला निघून गेली! लाज वाटते लिहायला. पण होता. माणूस अपराधातही स्वतःला हिरॉईन करून घेतं.

तिचा नवरा गेल्यापासून गिरजा उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडे येते. गेल्या उन्हाळ्यातही आली. आमची नात श्रावणी इथल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी फडाफडा बोलते, वाचायला दिलं की अक्षरांवरून चष्मा पुसल्यासारखं बोट फिरवत बसते. ती एक दिवस म्हणाली, आजी, मराठी मालिका आहे एक, मस्त आहे, तुमच्या वेळच्या पुस्तकावरची. मोबाईल टीव्हीला जोडला, नाव झळकलं, आणि मी हातातली कपबशी खाली ठेवली.

दुपारच्या वेळी रोज एक भाग. मी काय कारण काढून उठून जाणार होते? बसले. आणि सांगू का, तासाभरात मी माझी भीती विसरले, इतकी ती सुरेख काढली आहे. पुस्तकात जे होतं ते त्यांनी घाई न करता दाखवलं. पिच्चरला अडीच तासांत धापा टाकत पळावं लागलं होतं. इथे द्वारका नुसती चूल सारवते आहे आणि आपण बघतो आहोत, बघतच आहोत. अबोल्याला कारण दिलेलं नाही, लेखकाला मान देऊन. पण एक गोष्ट पुस्तकातही नव्हती, पिच्चरमध्येही नव्हती: तो नवरा एकटा असताना दिसतो. शेतात, कोणी नसताना, ओठ हलवून बघतो. काहीतरी म्हणायचा सराव करतो आणि सोडून देतो. मी मनात म्हटलं, वा रे पोरांनो! आम्ही सगळ्यांनी द्वारकेकडे बघितलं, तुम्ही त्या दगडाकडेही बघितलं. श्रावणी तर रडायलाच लागली तिथे. जी पोरगी ती कादंबरी कधी वाचू शकली नसती, तिच्यापर्यंत ती पोचली — मध्ये कोणी वाचणारं न बसता. मध्ये कोणी न बसता! हे मला फार लागलं, आणि फार आवडलंही.

गिरजाही रोज बसायची. एरवी टीव्हीतल्या माणसांना शिव्या घालत बघणारी बाई, मालिका मात्र मुकाट बघत होती. तिसऱ्या भागाला फक्त म्हणाली, "ही तर आपली द्वारका हाय व, वयनी." आठवत होतं तिला. सगळं.

शेवटचा भाग लागला. उंबरा. तांब्या. भोंगा.  संगीत नाही, कापूस नाही. ती पदर खोचून निघाली. कॅमेरा तिच्या मागे गेलाच नाही. तो उघड्या दारात थांबला, त्या तांब्यावर. मागून जिनाचा आवाज येत राहिला. येत राहिला. हाक आली नाही.

तसाच, जसा लेखकानं लिहिला होता. केवढा मोठा शेवट होता तो! आणि मी वीस वर्षांची असताना म्हटलं होतं, शेवटी तांब्या?

श्रावणी नाक ओढत उठली, टीव्ही बंद केला. गिरजानं माझ्याकडे बघितलं नाही. चहा प्याली, शेजारी जाऊन बसली, रात्री जेवली, झोपली. मी झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसलो होतो. श्रावणी कॉलेजला गेलेली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तोंड उघडलं. "गिरजा," म्हटलं, "ते तेव्हा मी जे वाचलं ना, तो शेवट — तो पुस्तकात —"  देठ मोडत होते नुसती.

ती अंबाडीची पानं खुडत राहिली. मान वर न करता, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली:

"वयनी, त्या दिवशी भोंगा झाल्यावर तू एकही पान पलटलं नाई. बाकीच्या रडून राह्यल्या होत्या, मी तुया हातच पाहून राह्यली होती. मले समजलं, हे पुस्तकातलं नाई, हे तू मलेच सांगून राह्यली — जाय म्हणून. माय-बाप काई जन्माले पुरत नाई, पुढं घर तुयंच होतं. म्हणून गेली मी."